अमेरिकेतील कृष्णवर्णीय मित्राला मानसिक आरोग्यासाठी साथ कशी द्यावी

अमेरिकेत राहणाऱ्या, तेथील रुग्णालयांत, शाळांत किंवा कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी माणसांच्या परिचयात कृष्णवर्णीय सहकारी, शेजारी आणि विद्यार्थी असतात. काही घरांत तर आता जावई आणि सुनाही असतात. अशा आपल्या माणसाची झोप उडाली आहे, तो कशातच रमत नाही, हे जाणवले की ‘एखाद्या डॉक्टरांना का दाखवत नाहीस?’ असे आपण सहज म्हणून जातो. सल्ला योग्यच असतो, परंतु ऐकणाऱ्याच्या घरात डॉक्टर, रुग्णालय आणि सरकारी कचेरी यांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या कशा सांगितल्या गेल्या आहेत हे आपल्याला ठाऊक नसेल, तर तो सल्ला बोलणे संपण्याआधीच वाया जातो. कृष्णवर्णीय समाजात उपचारांविषयी जो अविश्वास आढळतो तो अनुभवातून आलेला आहे, असे मानूनच मदतीला हात घालावा, विश्वास जिथे आधीपासून आहे तिथून सुरुवात करावी आणि उपचारांपर्यंतची वाट त्या व्यक्तीबरोबर चालावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना या मताला धरूनच दिल्या आहेत.

आधी अविश्वासाचे मूळ जाणून घ्या

१८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामगिरीतून पळून जाण्याच्या इच्छेलाच मानसिक आजार ठरवले, त्याला ‘ड्रॅपटोमेनिया’ असे शास्त्रीय वाटणारे नाव दिले आणि त्यावर फटक्यांचा मार सुचवला. पुढे दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळी मनोरुग्णालये निघाली. मेरीलँडमधील क्राउन्सविल येथे १९११ साली सुरू झालेल्या अशा रुग्णालयाच्या उभारणीचे कष्ट तेथील रुग्णांकडूनच करून घेतले गेले. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना त्यांच्या आजाराचे खरे स्वरूप सांगितले नाही, आणि पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय उपलब्ध झाल्यावरही तो त्यांना दिला नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १९९७ साली. आज चाळिशीत असलेल्या माणसाने ही बातमी लहानपणी घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिलेली असू शकते, त्यामुळे हा इतिहास फार जुना म्हणून बाजूला सारता येत नाही.

वर्तमानातही कारणे शिल्लक आहेत. सारखीच लक्षणे असताना कृष्णवर्णीय रुग्णाला स्किझोफ्रेनियाचे (भास, भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे) निदान मिळण्याची आणि नैराश्य किंवा बायपोलर विकार (मन कधी अतिउत्साहाकडे तर कधी नैराश्याकडे झुकणारा आजार) नजरेतून निसटण्याची शक्यता गोऱ्या रुग्णापेक्षा जास्त असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पोलिसांविषयी वाटणारी सावध भीती वास्तवातून आलेली असते, परंतु हे वास्तव ठाऊक नसलेल्या चिकित्सकाला ती संशयविकृतीचे लक्षण वाटू शकते. असे चुकीचे निदान एकदा कागदावर आले की त्याबरोबर चुकीची औषधेही येतात आणि ती वर्षानुवर्षे चालू राहतात.

म्हणून समोरची व्यक्ती ‘मला त्या लोकांवर भरवसा नाही’ असे म्हणाली, तर तिचे मन वळवण्याची घाई करू नये. ‘असे वाटण्यामागे कारणे आहेत हे मला कळते, भरवसा वाटेल असे कोणी मिळते का ते आपण मिळून शोधू या,’ एवढे म्हटले तरी संवाद चालू राहतो.

काय पाहावे

कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये नैराश्याचे एकूण प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. ‘हे लोक मुळातच कणखर’ असा निष्कर्ष त्यावरून काढायला कोणी उत्सुक असेल, तर त्याने त्याच पाहणीतील पुढचा आकडाही वाचावा. ज्यांना नैराश्याने गाठले त्यांच्यापैकी ते दीर्घकाळ टिकून राहण्याचे प्रमाण आफ्रिकन अमेरिकनांत सुमारे ५६ टक्के होते, तर गोऱ्यांत सुमारे ३९ टक्के. शिवाय नैराश्यग्रस्त आफ्रिकन अमेरिकनांपैकी निम्म्याहून कमी लोकांना कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. कणखरपणाचे हे कौतुकच अनेकदा मदतीच्या आड येते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. कारण घर, नोकरी, आजारी आईवडील आणि भावंडांची मुले असे सगळे सांभाळणारी स्त्री खचली आहे हे मान्य करायला तिचे कुटुंब तयार नसते आणि बरेचदा ती स्वतःही नसते.

त्यामुळे रडणे किंवा उदास चेहरा एवढ्याच खुणा शोधत बसू नये. सततची डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी, न उतरणारा थकवा, क्षुल्लक कारणावरून भडकणे, दारूचे वाढते प्रमाण आणि विश्रांती टाळून कामात बुडून राहणे, या रूपांतही नैराश्य दिसते. यांतील शेवटच्या खुणेकडे माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा साधनांची आणि संधीची वानवा असतानाही प्रत्येक अडचणीवर केवळ जास्त कष्टांनी मात करू पाहणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला. असा माणूस बाहेरून कर्तबगार दिसतो. त्याला ‘किती करतोस रे!’ अशी शाबासकी देण्याऐवजी ‘तू शेवटचा नीट कधी झोपलास?’ असे विचारावे.

मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. पाच ते बारा वर्षे वयोगटातील कृष्णवर्णीय मुलांचे आत्महत्येने मृत्यू होण्याचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अमेरिकन काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांनी या प्रश्नासाठी नेमलेल्या कृतिगटाने डिसेंबर २०१९ मध्ये आपला अहवालही सादर केला. शाळेत शिकवणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, कृष्णवर्णीय मुलगा वर्गात आक्रमक झाला किंवा अचानक अबोल झाला, तर शिस्तभंगाचा अर्ज भरण्यापूर्वी त्याला शाळेच्या समुपदेशकाकडे न्यावे आणि त्याच्या घरी घडलेला एखादा मृत्यू, स्थलांतर किंवा हिंसा याविषयी हळुवारपणे चौकशी करावी. दुःख रागाच्या रूपात बाहेर पडणे हे बालपणात अगदी नेहमीचे आहे. मात्र त्या रागाला शिक्षा कोणाला मिळते आणि समजुतीचे चार शब्द कोणाला, यात वंशानुसार मोठा फरक पडतो.

बोलणे कसे सुरू करावे

बोलण्यासाठी समोरासमोर बसण्याची गरज नसते. गाडीतून जाताना किंवा एकत्र चालताना अवघड विषय सोपे होतात. आपण जे पाहिले तेच सांगावे: ‘गेले काही आठवडे तू जेवायला आमच्याबरोबर येत नाहीस, आणि काल बैठकीत तुझे हात थरथरत होते, मला काळजी वाटली.’ त्यानंतर थांबावे. शांतता लांबली तरी ती भरून काढण्यासाठी उपदेश करू नये.

त्या व्यक्तीने कामाच्या ठिकाणच्या वंशभेदाचा अनुभव सांगितला, तर ‘त्याचा तसा हेतू नसेल’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. दिवसभर जे सोसले त्याचा पुरावा संध्याकाळी मित्रापुढेही मांडावा लागणे ही फार थकवणारी गोष्ट आहे. पोलिसी हिंसेची चित्रफीत देशभर फिरत असेल अशा दिवसांत तर ती पाहिलीस का असे न विचारता, सुट्टी किंवा कामात सवलत हवी आहे का, एवढेच विचारावे.

श्रद्धेविषयीही जपून बोलावे. ‘मी प्रार्थना करतो आहे, सारे ठीक होईल’ असे उत्तर अनेकदा येईल. प्रार्थना आणि उपचार यांत निवड करायला भाग पाडले, तर बहुतेक जण प्रार्थनाच निवडतील, आणि गुलामगिरीपासून आजवर चर्चने या समाजाला जो आसरा दिला तो पाहता यात नवल काहीच नाही. म्हणून प्रार्थनेच्या जोडीला उपचार, असेच मांडावे. घरातल्या गोष्टी उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत ही शिकवणही या घरांत खोलवर रुजलेली असते. तेथे चिकित्सकाला कायद्याने गोपनीयता पाळावी लागते हे सांगण्याचा उपयोग होतो. मात्र जिवाला तातडीचा धोका किंवा बालकाचा छळ अशा प्रसंगी त्या गोपनीयतेला अपवाद असतात, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे, कारण पुढे तो अपवाद अचानक समोर आला तर आपल्यावरचाही विश्वास उडतो.

मनात मरणाचे विचार येत असतील असे वाटले, तर आडवळणाने न विचारता ‘जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ असा सरळ प्रश्न करावा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते.

विश्वास जिथे आहे तिथून सुरुवात

कृष्णवर्णीय समाजाने स्वतःच्या मानसिक आरोग्याची व्यवस्था स्वतः उभारण्याची परंपरा मोठी आहे, आणि बाहेरून मदतीला जाणाऱ्याने ती जाणून घेणे आवश्यक आहे. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. लेखक रिचर्ड राइट त्याच्या पाठीराख्यांत होते, तेथील तज्ज्ञ विनावेतन काम करीत, आणि रुग्णाकडून पंचवीस सेंट एवढेच शुल्क घेतले जाई. त्याच वर्षी त्याच भागात मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र काढले. बाहुल्यांच्या साहाय्याने त्यांनी केलेल्या प्रयोगांचा आधार १९५४ साली शाळांतील वंशविभाजन रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात घेतला गेला. तज्ज्ञांची स्वतंत्र संघटना, म्हणजे असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स, १९६८ साली स्थापन झाली.

आज हा वारसा चर्च आणि बार्बरशॉप, म्हणजे केशकर्तनालय, यांतून दिसतो. बार्बरच्या खुर्चीत माणूस दर पंधरवड्याला बसतो, आणि तेथे तो जे बोलतो ते इतरत्र बोलत नाही. हे हेरून आर्कन्सामधील लिटल रॉक येथे सुरू झालेला ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ बार्बरांना लक्षपूर्वक ऐकण्याचे, धोक्याच्या खुणा ओळखण्याचे आणि पुढील मदतीकडे पाठवण्याचे प्रशिक्षण देतो. आपल्या मित्राचा पास्टर (चर्चचा धर्मोपदेशक), बार्बर, मावशी किंवा महाविद्यालयीन बंधुमंडळातील सोबती यांपैकी कोणाचे बोलणे तो मानतो हे त्यालाच विचारावे, आणि त्याच्या संमतीनेच त्या व्यक्तीला या कामात सामील करून घ्यावे. संमतीशिवाय उचललेले पाऊल, हेतू कितीही चांगला असला तरी, त्याचा विश्वासाचा एकमेव कोपराही हिरावून घेऊ शकते.

चिकित्सक शोधणे

प्रत्यक्ष मदत सर्वांत जास्त लागते ती येथे, कारण खचलेल्या माणसाच्या अंगात दहा ठिकाणी फोन करण्याचे बळ नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण साधारण वीसात एक एवढेच आहे, तर लोकसंख्येतील त्यांचा वाटा त्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून आपल्याच समाजाचा चिकित्सक हवा असेल तर प्रतीक्षायादी लांब असते. शोधाची सुरुवात ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ किंवा ‘थेरपी फॉर ब्लॅक मेन’ यांच्या चिकित्सक-सूचींपासून करावी. दूरस्थ भेटींमुळे राज्यातील दुसऱ्या शहराचा चिकित्सकही चालतो, मात्र रुग्ण ज्या राज्यात आहे तेथे काम करण्याचा त्याचा परवाना असल्याची खात्री करून घ्यावी.

कृष्णवर्णीय चिकित्सक मिळाला नाही तर शोध सोडू नये. पहिल्या फोनवरच काही प्रश्न विचारावेत: आपण यापूर्वी किती कृष्णवर्णीय रुग्णांबरोबर काम केले आहे? वंशभेदाचा ताण हा विषय निघाला तर आपण तो कसा हाताळता? माझ्या श्रद्धेला आपल्या उपचारांत जागा आहे का? उत्तरांतील तपशिलापेक्षा त्यांचा सूर जास्त महत्त्वाचा असतो. प्रश्न ऐकून जो चिकित्सक अवघडतो किंवा ‘मला कातडीचा रंग दिसत नाही’ असे म्हणतो, त्याच्याकडे न गेलेले बरे. दोन-तीन भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल तर चिकित्सक बदलणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही, हे आपल्या मित्राला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर एका फसलेल्या भेटीवरून तो सगळ्या उपचारांवर काट मारतो.

निदान गंभीर असेल, विशेषतः स्किझोफ्रेनियाचे असेल, तर दुसरे मत घ्यावे, आणि मनोविकारतज्ज्ञांना ‘नैराश्य, बायपोलर विकार आणि मानसिक आघात या शक्यता कशाच्या आधारे बाजूला ठेवल्या?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. निदान बरोबर असेल तर चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येणार नाही. चालू असलेले औषध मात्र या काळात मनानेच बंद करू नये.

पैशांचे उपाय बरेच आहेत, पण ते विखुरलेले आहेत. २००८ च्या समानतेच्या कायद्यानुसार, ज्या विमा योजनांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे त्यांना त्यावर शारीरिक आजारांपेक्षा अधिक जाचक अटी घालता येत नाहीत. म्हणून दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागून अपील करावे. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाच्या काही भेटी मोफत देतात. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उत्पन्नानुसार शुल्क ठरवतात, तर विद्यापीठांच्या प्रशिक्षण केंद्रांत देखरेखीखालील विद्यार्थी अल्प दरात उपचार करतात. कृष्णवर्णीय स्त्रिया आणि मुली यांच्या उपचारांसाठी लव्हलँड फाउंडेशन आर्थिक साहाय्य देते. अभिनेत्री ताराजी पी. हेन्सन यांनी २०१८ साली आपल्या वडिलांच्या नावाने स्थापन केलेली बोरिस लॉरेन्स हेन्सन फाउंडेशन ही संस्थाही याच क्षेत्रात काम करते. एक संध्याकाळ मित्राजवळ बसून त्याचे विमापत्र वाचणे, अर्ज भरणे आणि पहिल्या भेटीची वेळ ठरवणे, यापेक्षा उपयोगी मदत मला तरी दुसरी माहीत नाही.

संस्था किंवा मंडळाच्या वतीने जनजागृतीचा कार्यक्रम करायचा असेल तर जुलै महिना योग्य आहे; लेखिका बेबे मूर कॅम्पबेल यांच्या स्मरणार्थ अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने २००८ साली तो अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याचा महिना म्हणून घोषित केला. कार्यक्रम त्या समाजाच्या परिचयाच्या जागी घ्यावा, वक्ते त्याच समाजातील तज्ज्ञ असावेत आणि त्यांना योग्य मानधन द्यावे.

संकटाच्या वेळी

१६ जुलै २०२२ पासून अमेरिकेत ९८८ हा तीन अंकी क्रमांक मानसिक संकटासाठी देशभर चालू आहे. त्यावर कोणत्याही वेळी फोन किंवा संदेश करता येतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. माजी सैनिकांनी फोन लागल्यावर १ दाबावा. बहुतेक फोन बोलण्यानेच निभावतात, मात्र प्राणावर बेतले असेल तर तेथील कर्मचारी आपत्कालीन सेवेला कळवू शकतात, हे मित्रापासून लपवू नये.

९११ या, पोलीस आणि रुग्णवाहिका बोलावण्याच्या, आपत्कालीन क्रमांकावर फोन करण्याची भीती कृष्णवर्णीय कुटुंबांत फार खरी आहे. २०२० साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये एका भावाने मानसिक संकटात सापडलेल्या भावासाठी मदत मागितली. पोलिसांनी त्या संकटग्रस्त भावाला रस्त्यावर दाबून धरले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे आपल्या गावात पोलिसांविना येणारे फिरते संकट-पथक आहे का, याची चौकशी शांततेच्या दिवसांतच करून क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावा. नाइलाजाने ९११ वर फोन करावाच लागला तर ही वैद्यकीय आणि मानसिक आरोग्याची आणीबाणी आहे, व्यक्तीजवळ शस्त्र नाही (नसेल तरच), ती कशाने घाबरते आणि कशाने शांत होते, हे आधी सांगावे आणि संकट हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवण्याची मागणी करावी. मानसिक आजार असलेल्या एका तरुण कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाल्यानंतर १९८८ साली मेम्फिसमध्ये असे प्रशिक्षण सुरू झाले, आणि पुढे ते अनेक शहरांनी स्वीकारले. मदत येईपर्यंत तेथेच थांबावे आणि आलेल्यांशी सौम्यपणे बोलावे.

घरात बंदूक असेल तर संकटकाळापुरती ती विश्वासू नातेवाइकाकडे किंवा इतरत्र सुरक्षित ठिकाणी ठेवण्याविषयी बोलावे; त्याआधी त्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक आत्महत्या बंदुकीने होतात, म्हणून हे बोलणे अवघड वाटले तरी टाळू नये. प्रकृती बरी असताना मित्राला आपल्या इच्छा लिहून ठेवायला सांगावे: कोणाला बोलवावे, कोणते रुग्णालय चालेल, कोणते औषध सोसत नाही. अनेक राज्यांत अशा लेखी पूर्वसूचनेला कायदेशीर मान्यता आहे.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच भेटायला येणारे कमी होतात. या काळात पुढील भेटीची तारीख आपल्याकडेही लिहून ठेवावी, त्या दिवशी गाडी घेऊन जावे, औषधे मिळाली का ते पाहावे, आणि मुलांना शाळेतून आणण्यासारखे एखादे ठरावीक काम सांगून-विचारून आपल्या अंगावर घ्यावे.